बंद पडलेल्या कुळ-साइट आणि वेबॅक मशीन : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगतो, वेबॅक मशीनमध्ये (जुन्या वेबपानांच्या नकला जपून ठेवणाऱ्या साइटवर) आडनाव टाकून वंशावळ हाती लागत नाही. त्याला पत्ता लागतो, तोही साइट चालू होती तेव्हाचा. तो कधी छापील कुलवृत्तांतात मिळतो, कधी कुलमंडळाच्या जुन्या अंकात. मला सगळ्यात जास्त कामी आली ती इतर कुळांच्या साइटवरची ‘लिंक्स’ची पानं. ही हौशी मंडळी एकमेकांचे दुवे अगदी आठवणीने देत.

असल्या घरगुती साइटना जिओसिटीजवर फुकट जागा मिळायची. याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद केली. तिथलं पान वेबॅकवर नसेल तर ऊसिटीजवर बघा, तिथेही बरीच नक्कल शिल्लक आहे.

आता खरी युक्ती. वेबॅकमध्ये पत्त्याच्या शेवटी तारांकन (*) टाकलं की त्या साइटच्या जतन झालेल्या सगळ्या फायलींची यादी येते. तिथल्या चाळणीत ‘पीडीएफ’ किंवा ‘जीईडी’ (वंशावळ साठवायच्या फाइलचा प्रकार) हे शेपूट इंग्रजीत टाकायचं. मुखपृष्ठ मोडकंतोडकं असलं तरी जीईडी फाइल मिळाली की काम फत्ते; ग्रॅम्प्स या फुकट सॉफ्टवेअरमध्ये अख्खी वंशावळ उघडते. साइटवरचा शोध-चौकोन मात्र मेलेलाच असतो. मागचा डेटाबेस जतन होत नाही, त्यामुळे नाव टाकून शोधायच्या साइटकडून फार आशा ठेवू नका.

मराठी पानांचं दुखणं फाँटचं. युनिकोडच्या आधीची पानं उघडली की नुसती रोमन अक्षरं आणि कंस दिसतात. पानाचा सोर्स उघडून फाँटचं नाव बघायचं (शिवाजी, किरण, श्रीलिपी असं काहीतरी असतं) आणि त्याच फाँटच्या कन्व्हर्टरमधून मजकूर काढायचा. जोडाक्षरं आणि रफार तरीही डोळ्यांनी तपासावे लागतात. आडनावात रफार असेल तर विचारूच नका!

सापडलेलं लगेच उतरवून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा वेबॅक चालवणारं इंटरनेट अर्काइव्हच काही दिवस बंद होतं. आणि उतरवलेलं जसंच्या तसं नातेवाइकांच्या ग्रुपवर ढकलू नका. हयात माणसांच्या जन्मतारखा, फोन नंबर त्यात सर्रास असतात.

आमच्या कुळाची सध्याची साइट मी वेबॅकच्याच ‘सेव्ह पेज नाऊ’ या सोयीत टाकून ठेवली आहे. एका वेळी एकच पान जतन होतं, पण फुकट खातं उघडलं तर त्या पानावरचे दुवेही सोबत घेता येतात.