समची उंट सफारी: उंटांना साडेचार स्टार, किचनमागच्या कुत्र्यांना शून्य

जैसलमेरजवळच्या सममधल्या एका कॅम्पचा हा रिव्ह्यू आहे. नाव टाकत नाहीये, कारण जे खटकलं ते मालकाला तोंडावर सांगून झालंय आणि त्याने ऐकूनही घेतलं, आता उगाच त्याच्या पोटावर पाय कशाला. टेंट, गाद्या, गरम पाणी, रात्रीचा कालबेलिया नाच, सगळं फोटोत दिसतं तसंच होतं, त्यावर बाकीच्यांनी पानंच्या पानं लिहिलीयत. मी गुरांची डॉक्टर, विदर्भात असते, आमच्याकडे कच्छी रबारी मेंढ्यांबरोबर उंट घेऊन उतरतात म्हणून उंट मला नवीन नाही, तर मी आपला उंटांचाच रिव्ह्यू देते. नवरा म्हणालाच, इथे पण ड्युटी लावून घेतलीस.

उंटावर चढायच्या आधी माझी एकच सवय, तो बसलेला असताना लाथेच्या टप्प्याबाहेर उभं राहून मान, काखा आणि मागच्या मांड्यांची आतली बाजू बघायची. केस गेलेत, कातडी राखाडी, जाड आणि घड्या पडलेली आहे, वर खपल्या आहेत आणि उंट सारखा खुंटाला अंग घासतोय, तर ती खरूज. तिचा किडा कातडीत बिळं करून राहतो आणि उंटावरून माणसावर येतो, हे पर्यटकांना कोणी सांगत नाही. हाफ पॅन्ट घालून तासभर बसलात की मांड्यांना, हातांना खाज सुटते. उंटाचा किडा माणसावर फार टिकत नाही त्यामुळे बहुतेक वेळा आपोआप जातं, पण घरी येऊन स्किनच्या डॉक्टरकडे गेलात तर उंटावर बसलो होतो हे आठवणीने सांगा, नाहीतर तो बिचारा अॅलर्जीची गोळी देत बसेल.

इथे मला काय आवडलं, तर रांगेत सवारीला उभे केलेले सगळे उंट स्वच्छ होते, कातडी मऊ, मदार भरलेली, नकेलीच्या भोकाला जखम नाही. आणि एक उंट लांब, कुंपणापलीकडे एकटा बांधलेला, अंगाला काहीतरी काळपट चोपडलेलं. विचारलं तर उंटवाले काका म्हणाले, "इसको खाज है बाईसा, इस पे सवारी नहीं।" ते काळपट म्हणजे तारामिराचं तेल आणि गंधक, शिवाय गावातल्या डॉक्टरने आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलंय आणि दुसरं द्यायचंय हेही त्यांना तोंडपाठ. त्याचं पलाण आणि झूल पण वेगळी ठेवली होती. हे फार थोडे लोक करतात, पण करायलाच हवं, कारण किडा उंटाबाहेरही काही दिवस जिवंत राहतो आणि झूल एकाची काढून दुसऱ्यावर टाकली की झालाच प्रसार. अर्धा स्टार कापला तो गोचिडांसाठी, दोन उंटांच्या शेपटीखाली होत्या. गोचिडी हाताने चिरडू नका प्लीज, काँगो तापाचा व्हायरस त्यांच्यातून येतो आणि 2011 मध्ये गुजरातमध्ये त्याने माणसं गेलीयत.

उंटवाल्या काकांशी मग सर्रा या उंटांच्या रक्तातल्या रोगावर गप्पा झाल्या. राजस्थानात त्याला तिबरसा म्हणतात, तीन वर्षं उंटाला झिजवत नेतो म्हणून. ताप येतो जातो, मदार उतरते, रक्त कमी होतं. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा परजीवी रक्तात असतो आणि चावऱ्या गोमाश्या तो एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जोर जास्त. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्सला तो डेरा इस्माईल खानला घोड्या-उंटांच्या रक्तात दिसला. काकांची लॅब वेगळी, ते उंटाच्या मुताने भिजलेल्या वाळूचा गोळा करून हुंगतात आणि वासावरून सांगतात. मी हसले नाही, राईका, म्हणजे राजस्थानातले उंट पाळणारे लोक, पिढ्यान्‌पिढ्या असंच ओळखतात. बाकी आपल्याकडच्या डॉक्टर मंडळींसाठी एक गोष्ट, सर्ऱ्यासाठी गाई-बैलांना आपण सर्रास देतो ते डिमिनाझीनचं इंजेक्शन उंटाला विषारी पडतं, सवयीने भरू नका.

आता माणसाला सर्रा होतो का? जवळजवळ नाहीच, आपल्या रक्तात तो परजीवी मारणारं एक प्रथिन असतं. पण जगात पक्की सिद्ध झालेली पहिली केस कुठली माहितीय? आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी, 2004 साली. महिनोन्‌महिने ताप येत-जात होता आणि रक्त तपासलं तर हे. सुरामीन नावाचं औषध देऊन तो बरा झाला, आणि नंतर कळलं की त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. गावात 1800 च्या वर लोक तपासले, दुसऱ्या कोणाच्या रक्तात परजीवी दिसला नाही. त्यामुळे सर्ऱ्याला घाबरून सफारी कॅन्सल करू नका.

दूध. संध्याकाळी 'डेझर्ट एक्सपिरियन्स' म्हणून उंटिणीचं धारोष्ण दूध देतात, एका पायावर उभं राहून दुसऱ्या गुडघ्यावर भांडं ठेवून काढतात, बघायला एकदम भारी, फेस तर असला. मी उकळायला लावलं, चहा करून घेतला, किंचित खारट लागतो पण मस्त. शेजारच्या टेंटमधले काका शुगरसाठी कच्चंच प्यायले. कच्च्या दुधात मला परजीव्यांपेक्षा ब्रुसेलाची भीती जास्त, तो बॅक्टेरिया आहे आणि सांधे असे धरतो की काय सांगू. उकळा म्हटलं की लगेच उकळून देतात, कुरकुर नाही, पण हे आधी स्वतःहून सांगायला हवं ना.

आणि आता शून्य स्टारवाला भाग. जेवणात लाल मांस होतं, चवीला नंबर एक, त्यासाठी बोकड कॅम्पमागेच कापला. मी हात धुवायला म्हणून मागे गेले तर कूक कच्चं फुफ्फुस आणि काळजाचे तुकडे कुत्र्यांना टाकत होता, आणि त्याच कुत्र्यांच्या गळ्यात थोड्या वेळाने आमची भाची पडलेली. हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याच्या जंतापासून होणाऱ्या पाण्याच्या गाठींचा रोग, त्याचं चक्र असंच चालतं. उंट, मेंढी, बोकड यांच्या फुफ्फुसात-काळजात पाण्याच्या गाठी असतात, उंटाला फुफ्फुसात जास्त, कुत्र्याने ते खाल्लं की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे जंत होतात, कुत्रा दिसायला एकदम ठणठणीत, आणि त्याची अंडी विष्ठेतून वाळूत, केसांवर, तिथून पोरांच्या हातावर आणि तोंडात. मग माणसाच्या लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते, बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. लोकांना वाटतं उंटाला हात लावला किंवा मटण खाल्लं की होतं, तसं नाही, मधे कुत्रा लागतो. रानात मेलेला उंट तसाच पडला तर तिथेही हेच.

मालकाला बोलावून सांगितलं की हे सगळं खोल पुरायचं किंवा चांगलं शिजवून टाकायचं, आणि कुत्र्यांना जंतांवरची प्राझिक्वांटेलची गोळी ठराविक दिवसांनी चालू ठेवायची, उंटांवर एवढा खर्च करतोस तर त्यामानाने हे काहीच नाही. आधी म्हणाला, "मॅडम, कुत्ते तो अपने ही हैं," मग गोळीचं नाव कागदावर लिहून मागितलं. भाचीचे हात साबणाने दोनदा धुतले, ती रडली, असो.

एकूण साडेतीन देते. सकाळची सवारी घ्या, संध्याकाळी समला उंटांपेक्षा जीपच जास्त असतात. फुल पॅन्ट घाला, पोरांसाठी साबण जवळ ठेवा कारण टेंटबाहेरच्या नळावर नव्हता, आणि मटण सांगणार असाल तर कापाकापी कुठे करतात आणि उरलेलं कुठे टाकतात हे बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या.