भूमितीची शिकवणी, आर्वी: रेषेचा चढ एकदम पक्का, बाकी थोडं घाईचं

धाकट्या बहिणीला यंदा दहावीच्या भूमितीसाठी आर्वीला शिकवणी लावली. निर्देशक भूमिती नुकतीच झाली, तेवढ्यापुरतंच लिहितो.

सरांचा एक नियम आहे: आधी अंदाज, मग सूत्र. बिंदू दिले की ग्राफवर टिंबं टाकायची, रेषा ओढायची आणि डावीकडून उजवीकडे बोट फिरवत सांगायचं, रेषा वर चालली का खाली. वर असेल तर चढ धन, खाली असेल तर ऋण. आकडेमोड त्यानंतर.

मी मागच्या बाकावर बसून पाहिलं. फळ्यावर (-३, ४) आणि (२, -६) होते. बऱ्याच पोट्ट्यांचं उत्तर आलं २. सरांनी चूक सांगितली नाही. एवढंच विचारलं, "रेषा तर खाली चालली, मग उत्तर धन कसं?" पोरं वहीत शोधत बसली. शेवटी एका पोरीला सापडलं: वर, म्हणजे अंशात, वायच्या किमती घेताना दुसऱ्या बिंदूतून पहिला वजा केला होता, अन् खाली छेदात एक्सच्या घेताना पहिल्यातून दुसरा. कोणताही बिंदू आधी घ्या, पण वर-खाली क्रम एकच पाहिजे. मग -१० भागिले ५, चढ -२.

आडव्या रेषेचा चढ ० आणि उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही, हेही भागाकार मांडून दाखवलं. उभ्या रेषेत एक्स सारखेच, म्हणून छेदात शून्य येतो. शाळेच्या वहीत बहिणीने दोन्हीपुढे शून्यच लिहून आणलं होतं.

माझा धंदा पत्र्याचे शेड मारायचा, ढाळ काढणं रोजचंच. परवा गोठ्याच्या शेडला बारा फुटांत दोन फूट ढाळ दिला, तर बहीण म्हणते, "दादा, चढ एक षष्ठांश. अन् पलीकडून पाहिलं तर उणे एक षष्ठांश." मजुरासमोर बोलली, काय करता!

आता कमी काय ते. चढ म्हणजे टॅन थीटा (थीटा म्हणजे रेषेने एक्स अक्षाशी केलेला कोन), हा भाग एका दमात उरकला. कोन ४५ अंश असला की चढ १ कसा, हे आकृती काढून सांगायला पाहिजे होतं. पोरांनी तक्ता पाठ केला अन् सुटले. रेषाखंड दिलेल्या गुणोत्तरात भागणारा बिंदू काढायच्या विभाजन सूत्राचंही तेच. दुपारी दारातून उजेड थेट फळ्यावर पडतो, उजव्या बाजूच्या बाकांना काही दिसत नाही. फी मात्र वाजवी आहे, ग्राफची वही तेवढी आपली न्यावी लागते.

गावाकडच्या पोरींसाठी खरी अडचण वेळेची. संध्याकाळची बॅच सुटेपर्यंत मानव विकासची, म्हणजे शाळकरी पोरींसाठीची, बस निघून गेलेली असते, अन् कापूस वेचणीच्या दिवसांत घरचं कोणी गाडी घेऊन येईल याचा भरवसा नाही. सकाळची बॅच मागा. सर आधी नाही म्हणतात, दोन-तीन पालक मिळून गेले की देतात.