एकाच अपघाताची तीन एस्टिमेट : दुरुस्तीनंतर नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये इंदूरच्या रिंग रोडवर, भर पावसात, पुढच्या लोडिंग रिक्षाने अचानक ब्रेक लावला आणि आमच्या साडेतीन वर्षांच्या, १२०० सीसीच्या पेट्रोल गाडीची पुढची डावी बाजू तिच्या मागच्या लोखंडी पट्टीवर जाऊन आदळली. बंपर फाटला, डावा हेडलॅम्प फुटला, फेंडर (चाकावरचा पत्रा) आत गेला आणि बोनेटच्या कडेला वीतभर पोचा पडला. कोणालाही इजा झाली नाही. गाडी दुरुस्त होऊन आता नऊ महिने झाले आहेत. दुरुस्ती कशी झाली हे डिलिव्हरीच्या दिवशी कळत नाही, म्हणून इतके दिवस थांबून हा अनुभव लिहीत आहे.

मी तीन ठिकाणी एस्टिमेट घेतले. देवास नाक्याकडच्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपने ८४,६०० रुपये सांगितले, एका मल्टिब्रँड गॅरेजने ६१,३००, आणि रामबागेतल्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिकने कोऱ्या कागदावर ३८,००० लिहून दिले. आकडे पाहून माझी पहिली समजूत अशी झाली की वरचा लुटतो आहे आणि खालचा प्रामाणिक आहे. लेखापालाच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या मामांनी तिन्ही कागद पुढे ओढले, वहीच्या पानावर रकाने आखले आणि म्हणाले, "बेरीज नंतर बघ. आधी कोण काय करणार आहे ते बघ."

रकाने भरल्यावर पहिल्या दोन एस्टिमेटांमधल्या २३,३०० रुपयांच्या फरकाचा उलगडा झाला. वर्कशॉपने ९,८०० रुपयांचे नवे बोनेट धरले होते, तर गॅरेजने २,५०० रुपयांत डेंटिंग. वर्कशॉपने रंग जुळावा म्हणून डावे दार आणि उजवा फेंडरही धरून सहा पॅनेल प्रत्येकी ३,२०० रुपयांनी रंगवायला घेतली होती. गॅरेजने फक्त मार लागलेली चार, प्रत्येकी २,६०० रुपयांनी. या दोन बाबींतच १६,१०० रुपये निघाले. बाकीचा फरक मजुरीचा होता. मेकॅनिक हेडलॅम्पचे तुटलेले कान प्लास्टिक वेल्डिंगने जोडणार होता आणि जीएसटीचे बिल देणार नव्हता, म्हणजे तो कागद विम्याच्या क्लेमच्या कामाचाच नव्हता.

कॅशलेस सोय (विमा कंपनी आपला वाटा थेट वर्कशॉपला देते) असल्यामुळे मी अधिकृत वर्कशॉप निवडले. ५० हजारांच्या वरच्या नुकसानीसाठी परवानाधारक सर्वेअर, म्हणजे नुकसानीची पाहणी करून रक्कम ठरवणारा माणूस, लागतो. तो आला, त्याने बोनेटवरून हात फिरवला आणि 'बदला'च्या जागी 'दुरुस्त करा' असे लिहिले. मी त्याच्याशी बराच वाद घातला, आणि तो वाद माझ्याच तोट्याचा होता हे मला मागाहून समजले. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी व्हावा म्हणून मी झिरो डेप्रिसिएशनचे, म्हणजे भागांच्या जुनेपणापोटीची कपात (घसारा) टाळणारे, कव्हर काढून टाकले होते. ते नसेल तर तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा कापला जातो, प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर गाडीचे वय न पाहता ५० टक्के, आणि काचेवर काहीच नाही. मजुरीवर मात्र घसारा नसतो. नवे बोनेट घेतले असते तर माझ्या खिशातून २,४५० रुपये गेले असते. डेंटिंगचे सगळे पैसे विमा कंपनीने दिले.

उलट बंपर, ग्रिल, फेंडर लायनर आणि हेडलॅम्प या प्लास्टिकच्या भागांचे, जे तिघांनीही किरकोळ म्हणून भराभर लिहिले होते, निम्मे ओझे माझ्यावर आले. रंगकामाचे ढोबळ बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा मानून त्यावर ५० टक्के घसारा लावतात. माझ्या १६,००० रुपयांच्या रंगकामात ती कपात २,००० रुपयांची झाली. सहापैकी पाचच पॅनेल मंजूर का केली, याचे उत्तर मला सर्वे रिपोर्टची प्रत मागितल्यावर मिळाले. ती मागण्याचा हक्क आपल्याला असतो, पण प्रत कोणी आपणहून देत नाही.

एस्टिमेट लिहिताना सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला होता, "बाकी खोलने के बाद देखेंगे, भिया." बंपर उतरवल्यावर एसीचा कंडेन्सर वाकलेला निघाला. वर्कशॉपला तो लगेच बदलून टाकायचा होता. मी हट्टाने काम थांबवले, जागेवरच फोटो काढले आणि सर्वेअरकडून पुरवणी एस्टिमेट मंजूर करून घेतल्यावरच नवा कंडेन्सर बसवू दिला. यात चार दिवस गेले. जुने भागही सर्वेअरच्या पुनर्तपासणीपर्यंत हलवू दिले नाहीत.

अखेरचे बिल ७४,९०० रुपयांचे झाले. विमा कंपनीने ५४,००० दिले. माझे २०,९०० गेले : घसाऱ्याचे १८,०००, सक्तीची वजावट (दर क्लेमला गाडीमालकाने भरायची ठरलेली रक्कम) १,०००, आणि क्लिपा, कूलंट, एसीचा गॅस यांचे १,९००. शिवाय ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला. क्लेम केला नसता तर पुढच्या नूतनीकरणात तो ४५ टक्के झाला असता, म्हणजे ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) सुमारे ८,००० रुपयांच्या हप्त्यावर ३,६०० रुपयांची सूट पहिल्याच वर्षी बुडाली. ही रक्कम तिन्ही एस्टिमेटांत कुठेच नसते. मामांच्या पानावर ती शेवटच्या रकान्यात होती.

आता नऊ महिन्यांचे. एसीने मे महिना निभावून नेला. हेडलॅम्पमध्ये ओल धरलेली नाही. रंग जुळलेला आहे. बोनेटवर मात्र संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एक हलकी लाट दिसते, ती मला दिसते आणि घरात कोणालाच दिसत नाही.

खरी चूक चाकात निघाली. सहाव्या महिन्यात हवा भरताना डाव्या टायरच्या आतल्या कडेवरून सहज बोटे फिरवली, तर बाहेरून ठीक दिसणारा टायर आतून पार गुळगुळीत झाला होता. लोअर आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) किंचित वाकलेला होता. तिघांपैकी एकाच्याही एस्टिमेटमध्ये आर्मची तपासणी नव्हती, व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) नव्हते, आणि डिलिव्हरी घेताना मीही अलाइनमेंटची छापील पट्टी मागितली नाही. क्लेम केव्हाच बंद झाला होता. वर्कशॉपने आर्म नंतर कुठल्या तरी खड्ड्यात वाकला असेल असे सांगितले आणि तसे नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नव्हता. आर्म आणि टायर मिळून ७,२०० रुपये मी भरले. काम रामबागेतल्या मेकॅनिकने केले, आणि अलाइनमेंटची पट्टी मी मागितली नसतानाही त्याने दिली.