मूळ चित्र घ्यावं की सहीची प्रिंट?

पॉप कलाकाराचं (जाहिराती, कॉमिक्स अशा लोकप्रिय गोष्टींतून चित्रं करणाऱ्याचं) काम भिंतीवर लावायचं तर दोन वाटा: हाताने रंगवलेलं मूळ चित्र, नाहीतर सही-क्रमांकाची मर्यादित प्रिंट. जपानी पॉप कलाकार ताकाशी मुराकामीच्या अनेक ऑफसेट (यंत्रावर छापलेल्या) प्रिंट 300 च्या आवृत्तीत निघतात. कोपऱ्यात सही आणि 112/300 असा आकडा. म्हणजे तेच चित्र आणखी 299 जणांकडे! पण त्यामुळेच आधीच्या लिलावांतले आकडे पाहून भाव तपासता येतो. मूळ चित्र एकच, तिथे बराचसा अंदाजच.

खरी मेख अस्सलपणाची. सहीची नक्कल सोपी, नुसत्या सहीवर पैसे मोजू नयेत. नाव गुप्त ठेवणारा ब्रिटिश रस्ता-चित्रकार बँक्सी, त्याच्या कामाला त्याचीच 'पेस्ट कंट्रोल' ही संस्था प्रमाणपत्र देते. ते नसेल तर पुढे विकताना घाम फुटतो. मूळ चित्र घेताना कॅनव्हास उलटा करून बघाच: गॅलरीचं लेबल, तारीख, जुन्या मालकांचा माग. विक्रेता कुरकुरला तर सरळ उठावं.

प्रिंटचा कागद दमटपणाने डागाळतो आणि उन्हात फिका पडतो; उन्हासाठी फ्रेमला यूव्ही (अतिनील किरण अडवणारी) काच हवी. हा खर्च कुणी धरतच नाही.

मला विचाराल तर, बजेट बेताचं असेल तेव्हा नामवंताच्या प्रिंटपेक्षा नवख्या कलाकाराचं मूळ चित्र बरं. थेट त्याच्याकडूनच, पावतीसकट.