कवटी साफ करायची: मंद आचेवर की बादलीत कुजवून?

हरणाची किंवा बोकडाची कवटी घरात मांडायची ठरवली की कातडं सोलणं, डोळे आणि जीभ काढणं, मोठं मांस सुरीने उतरवणं हे ओघानंच आलं. ते तुम्हाला जमतं असं धरून चालतो. प्रश्न त्यानंतरचा आहे: हाडाला चिकटून राहिलेलं बाकीचं सगळं उकळून काढायचं की पाण्यात कुजू द्यायचं? मी दोन्ही केलं आहे, बोकड आणि मेंढ्यांच्या कवट्यांवर. हरणाची असेल तर आधी कायदा बघा. भारतासकट बऱ्याच देशांत वन्यप्राण्याची कवटी परवान्याशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, मग ती रानात आयती पडलेली का सापडलेली असेना. आणि कारण न कळता अचानक मेलेल्या जनावराच्या डोक्याला हातच लावू नये. ते अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाने मेलेलं असू शकतं, आणि त्या रोगाचे बीजाणू मंद उकळण्याला दाद देतीलच असं नाही.

पुरण्याचा पर्याय मी विचारातच घेतला नाही. हाड मातीचा रंग धरतं आणि तो नंतर हटत नाही, शिवाय उंदीर-घुशी कुरतडतात. भुंगेऱ्यांचं मात्र वेगळं. संग्रहालयांत डर्मेस्टिड भुंगेरे पाळतात, त्यांच्या अळ्या सुकलेलं मांस फस्त करतात आणि नाजुकातल्या नाजूक हाडाला धक्का लागत नाही. पण हेच किडे लोकर, पिसं आणि जपून ठेवलेले कीटकांचे नमुनेही तितक्याच आवडीने खातात, म्हणून संग्रहालयंसुद्धा त्यांना मूळ संग्रहापासून लांब कोंडून ठेवतात. एका कवटीसाठी एवढा कुटुंबकबिला सांभाळणं मला झेपलं नसतं.

उकळण्याची बाजू भक्कम आहे, हे आधीच कबूल करतो. सकाळी पातेलं चढवलं तर रात्रीपर्यंत कवटी हातात येते. पाणी खदखदू द्यायचं नाही, नुसती वाफ येत राहील इतकीच आच, म्हणजे साधारण ८० ते ९० अंश. मधूनमधून तवंग काढून पाणी बदलायचं. थोडा धुण्याचा सोडा टाकला की मांस लवकर सुटतं, पण हात सैल सुटला तर तोच सोडा हाडाचा पृष्ठभागही खातो. दात बहुतेक जागच्या जागी राहतात, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. फाटे फुटलेल्या शिंगांचं हरण असेल तर शिंगं पाण्याबाहेर ठेवून फक्त कवटी बुडवता येते, ही आणखी एक सोय. एवढं सगळं असताना कोणी बादलीच्या वाटेला का जावं?

माझं उत्तर एका शब्दात: नाक.

रवंथ करणाऱ्या जनावराची नाकपोकळी लांबलचक असते, आणि तिच्यात कागदाहून पातळ हाडांच्या गुंडाळ्या बसवलेल्या असतात. श्वासाची हवा गरम आणि ओलसर करायचं त्यांचं काम. या गुंडाळ्यांच्या प्रत्येक वळणावर ओलं अस्तर असतं. कच्चं असताना ते बुळबुळीत असतं. गरम पाण्यात त्यातल्या कोलॅजेनचं (अस्तराला आणि हाडाला धरून ठेवणारं प्रथिन) जिलेटिन होतं, म्हणजे चक्क सरस. बाहेरून कवटी लख्ख झालेली असते आणि आत हा सरस पापुद्र्यापापुद्र्यांत भरून बसलेला असतो. चिमटा घातला की अस्तराचा तुकडा येतो आणि त्याला चिकटून हाडाचा चुरा. तार फिरवली तर चुराच जास्त. नळाची धार सोडली की थोडा सरस पुढे सरकतो आणि पुढच्या वळणात अडकतो. दात घासायचे ब्रश, बाटली धुवायचा ब्रश, इंजेक्शनची सिरिंज, सगळं करून झालं. शेवटी माणूस कंटाळतो आणि म्हणतो, वाळेल आपोआप. वाळतंही. पण हवा दमट झाली की तेच पुन्हा ओलं होऊन वास मारतं, आणि कपाटातले बारीक किडे पत्ता शोधत येतात. काही जण वैतागून गुंडाळ्या उपटूनच टाकतात. समोरून बघणाऱ्याला कळतही नाही, हे खरं. मला मात्र नाकाच्या भोकातून आत डोकावल्यावर ती रिकामी बोगदी आवडत नाही.

बादलीत ही कटकटच नाही. जिवाणू जिथे आपला चिमटा पोचत नाही तिथे पोचतात. काम झाल्यावर कवटी उपडी केली की नाकातून गढूळ पाणी भळाभळा बाहेर येतं, आणि उजेडाकडे धरून पाहिलं तर गुंडाळ्या जशाच्या तशा, वळणं मोजता येतील इतक्या स्वच्छ. मेंदूच्या पोकळीचंही तेच.

बोकड-मेंढ्यांच्या शिंगांचाही हिशेब इथे सोपा होतो. त्यांचं शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि वर पोकळ खोळ. दोहोंमधला थर कुजला की खोळ हलक्या हिसक्याने निघते, दोन्ही धुवून वाळवून पुन्हा बसवता येतात. उकळतानाही खोळ सुटते, पण गरम पाण्यात जास्त वेळ राहिली तर तिचे पापुद्रे निघतात, असा माझा तरी अनुभव. फाट्यांची शिंगं मात्र भरीव हाडाची असतात, कवटीपासून सुटत नाहीत. बादलीत ती बुडाली तर डागाळतात, आणि बाहेर ठेवायची तर पाण्याच्या रेघेचा डाग शिंगाच्या बुडाशी पडणार नाही एवढी पातळी रोज बघावी लागते. हरणवाल्यांसाठी ही खरी अडचण आहे.

आता वास. त्याबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. वास भयंकर असतो. घट्ट झाकण लावलं तर रोजचा त्रास कमी, पण पाणी ओतायच्या दिवशी घरातल्यांना बाहेर पाठवलेलं बरं. रबरी हातमोज्यांशिवाय हात घालू नका, तो वास साबणाला जुमानत नाही. पाणी कोमट राहिलं, म्हणजे ३० ते ३५ अंश, तर दोन-तीन आठवड्यांत काम होतं. मत्स्यपेटीतला हीटर त्यासाठी पुरतो. थंडीत नुसतं ठेवलं तर महिने लागतात. पाणी बदलताना सगळं ओतून टाकू नये, निम्मं ठेवावं, नाहीतर जिवाणूंची जमवाजमव पुन्हा पहिल्यापासून. ओतताना खाली चाळण हवीच: दात सुटून तळाला गेलेले असतात. खालच्या जबड्याचे पुढचे आठ आहेत ना ते मोजून घ्या, वरच्या जबड्यात पुढे दात शोधत बसू नका, तिथे ते नसतातच. कोवळ्या जनावराची कवटी सांध्यांवर सुटी होते, ती पांढऱ्या गोंदाने जुळवावी लागते. हा उद्योग कोणाला नको असेल तर समजू शकतो.

चरबीचं काम दोन्हीकडे उरतंच. भांडी घासायचा लिक्विड साबण घातलेल्या कोमट पाण्यात आठवडे ठेवायचं, पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत. माझ्या उकळलेल्या कवट्यांवर पिवळे तेलकट डाग पुन्हा वर आले, बादलीतल्यांवर क्वचित. उकळण्याने चरबी हाडात मुरते असं बरेच जण सांगतात. मला ते पटतं, पण पैज लावणार नाही. पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड, साधं ३ टक्क्यांचंही चालतं, फक्त भांड्याचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो. क्लोरीनचं ब्लीच मात्र अजिबात नको. ते हाडातलं कोलॅजेनच खातं आणि काही काळाने कवटी खडूसारखी भुगा व्हायला लागते.

तेव्हा शेजाऱ्याची खिडकी हातभर अंतरावर असेल, किंवा मोठ्या फाट्यांचं डोकं असेल, तर उकळाच. फक्त नाकात पाण्याची जोरदार धार आधी मारा, अस्तर कच्चं असताना, आणि पातेल्यातून काढल्याबरोबर गरम असतानाच पुन्हा मारा. थंड झाल्यावर सरस बसला की बसला. पण झाकणाची बादली आणि घरापासून थोडा लांबचा कोपरा मिळत असेल, आणि घाई नसेल, तर पातेलं वर चढवण्याआधी एकदा बादलीचा विचार करा. बादली मात्र तीच पुन्हा कपड्यांना वापरायची नाही, हे घरात आधीच सांगून ठेवा.