एमएक्स-५ घ्यायची ठरलीये, पण सॉफ्ट टॉप की आरएफ?

दोन सीटची उघडी गाडी रोज वापरता येते का, हे इथे इंग्लंडमध्ये आपली माणसं मला बऱ्याचदा विचारतात. माझ्या मते येते, फक्त घरात दुसरी एखादी गाडी हवी नाहीतर मुलं मोठी झालेली हवीत. ते जास्त उगाळत नाही. ज्यांचं माझदा एमएक्स-५ वर ठरलंय (२०१५ पासूनची, म्हणजे एनडी पिढी) पण कापडी टपाची, म्हणजे सॉफ्ट टॉप घ्यावी की बटणाने दुमडणाऱ्या कडक छताची आरएफ यावर घोडं अडलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्याकडे सॉफ्ट टॉप आहे, जवळच्या मित्राकडे आरएफ, आणि एका उन्हाळ्यात आम्ही काही आठवडे गाड्या अदलाबदल करून वापरल्या, ऑफिस, किराणा, वीकेंड सगळं धरून. मोजमाप वगैरे काही केलं नाही, जे जाणवलं ते सांगतो.

आधी दोन्हीत सारखं काय ते उरकून घेऊ. डिकी सॉफ्ट टॉपची १३० लिटर आणि आरएफची १२७, म्हणजे फरक शून्यच समजा. लंडनमधल्या साउथॉलहून महिन्याचं सामान आणताना दहा किलो तांदळाची गोणी तळाला आडवी जाते, वर डाळी, पीठ, भाजी नीट बसते, राहिलेलं बायकोच्या पायाशी. दोघांच्या वीकेंडला दोन मऊ बॅगा आरामात जातात, पण कडक कवचाची सूटकेस डिकीच्या तोंडातच अडते, तेव्हा असल्या गाडीसाठी बॅगा मऊच घ्या. आई-बाबा मुंबईहून येतात तेव्हा हीथ्रोला ही गाडी न्यायचा विचारही करायचा नाही, माणसं दोन आणि प्रत्येकाच्या तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. डॅशबोर्डला समोर कप्पा नाही, कागदपत्रं दोन सीटच्या मधे मागे ठेवायची, आणि कपहोल्डर कोपराच्या मागे असल्याने चहा उचलताना मनगट वळवावं लागतं. याची सवय होते.

एक गोष्ट मात्र दोन्हीच्या बाजूने ठामपणे सांगायची, टप उघडा असो की बंद, डिकी तेवढीच राहते. हे सगळीकडे असं नसतं. बीएमडब्ल्यूची २००९ ते २०१६ मधली झेड-४ घ्या, कडक छत डिकीत दुमडायचं, त्यामुळे ३१० लिटरची डिकी छत उघडल्यावर १८० वर यायची, मग बॅगा भरल्या की ऊन असूनही छत बंद. आरएफमध्ये छत सीटच्या मागेच मावतं, त्यामुळे ही भानगड नाही.

आता आरएफचं चांगलं. दिसायला ती भारी आहे यात वाद नाही, मागून उतरत येणारी ती रेघ बघून पार्किंगमध्ये लोक थांबून विचारतात. छत बंद असताना पावसाचा आवाज कमी येतो, थंडीत जरा जास्त बंदिस्त वाटतं, आणि गाडी रात्री रस्त्यावर लावावी लागत असेल तर कापडी टप कोणी फाडेल ही धाकधूक राहत नाही. तो मुद्दा मी हलका धरत नाही. माझ्या घरासमोर स्वतःची जागा आहे म्हणून मला हे सोपं गेलं, लंडनमध्ये रस्त्यावर परमिटवर गाडी लावणाऱ्याचं गणित वेगळं असू शकतं. कापडाची निगा पण ठेवावी लागते, मऊ ब्रशने धुणं, मधूनमधून पाणी न शिरण्याचा स्प्रे मारणं, पक्ष्यांची घाण लगेच पुसणं. आरएफला यातलं फारसं काही नाही.

तरी माझी पसंती सॉफ्ट टॉपलाच, आणि त्याचं मुख्य कारण वारा.

आरएफचं छत उघडलं की डोक्यावरचा भाग आणि मागची काच आत जाते, पण सीटच्या मागचे दोन तिरके खांब उभेच राहतात. देखणेपणा सगळा त्यांच्यात आहे आणि माझ्या मते त्रासाचं मूळही तेच. गावात किंवा हेन्लीकडच्या झाडीतल्या रस्त्यांवर चाळीस-पन्नास मैलांपर्यंत काही जाणवत नाही, उलट छान आडोसा मिळतो. पण एम-४ मोटरवेवर ताशी सत्तर मैलांना आलात की वारा त्या खांबांना आपटून आत वळतो आणि थेट कानामागे घोंगावायला लागतो. सरसर वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज मला आवडतो, त्याच्यासाठीच तर ही गाडी, पण हा तसा नाही, हा जाड, एकसुरी आणि एकाच जागी अडकलेला आवाज आहे, बाजूच्या काचा वर केल्या तरी जात नाही. मी आणि बायको गाडीत खूप बोलतो, आठवड्याचं राहिलेलं सगळं तिथेच होतं, आणि आरएफमध्ये ती बोलायची, मी काय म्हणायचो, ती परत मोठ्याने सांगायची, शेवटी दोघंही गप्प आणि मी बटण दाबायला पुढची सर्व्हिस एरिया शोधायचो. सॉफ्ट टॉपमध्ये मागे तसे खांब नसल्याने वारा डोक्यावरून निघून जातो, काचा वर ठेवल्या तर सत्तरलासुद्धा साध्या आवाजात बोलता येतं. केस विस्कटतात, ते विस्कटणारच. हा अनुभव फक्त माझाच नाही, आरएफ चालवलेल्या बऱ्याच लोकांकडून हेच ऐकलंय, पण प्रत्येकाची उंची आणि कान वेगळे, तुम्हाला कदाचित इतकं खटकणारही नाही. मित्राला नाही खटकत, तो सव्वासहा फुटी आहे आणि बहुतेक वेळा एकटाच असतो.

त्यात उघडझाकीचा वेग. आरएफला साधारण १३ सेकंद लागतात, वेग ताशी १० किलोमीटरच्या आत हवा आणि पूर्ण वेळ बटण धरून ठेवायचं, म्हणजे सिग्नल मधेच हिरवा झाला तर पंचाईत. सॉफ्ट टॉपला समोरचं एक हँडल सोडलं आणि खांद्यावरून हाताने मागे ढकलला की झालं, बसल्या जागेवरून, मोटर नाही त्यामुळे बिघडायलाही काही नाही. इंग्लंडमध्ये ऊन दहा मिनिटांसाठी येतं. त्या दहा मिनिटांसाठी टप उघडायचा कंटाळा येत नाही हे मला फार मोलाचं वाटतं, आणि आरएफ माझ्याकडे होती तेव्हा मी ती किती कमी उघडली हे गाडी परत करताना लक्षात आलं. आरएफ साधारण ४५ किलोने जड पण आहे, पण रोजच्या वापरात मला ते वेगळं जाणवलं नाही, तेव्हा त्यावरून ठरवू नका.

खांदा धरलेला असेल, रोज मोटरवेवर छत बंद ठेवूनच जायचं असेल, किंवा गाडी रस्त्यावर झोपणार असेल तर आरएफ घ्या, खरंच चांगली आहे. बाकीच्यांनी माझ्या मते सॉफ्ट टॉपकडे आधी बघावं. टेस्ट ड्राइव्हला डीलर गावातल्या गावात चक्कर मारून आणतो, त्यावर भागवू नका, मोटरवेवर न्या, टप उघडा, काचा वर, आणि शेजारी जे माणूस रोज बसणार आहे त्यालाच बसवून दोन जंक्शनभर गप्पा मारत या.

आणि सॉफ्ट टॉप सेकंड हँड घेत असाल तर सीटच्या मागचं कार्पेट हाताने दाबून बघा. टपाखालचं पाणी बारीक नळ्यांतून खाली जातं, त्या पानांनी तुंबल्या की पाणी आत उतरतं. कार्पेट ओलं लागलं किंवा कुबट वास आला तर भाव पाडून मागा, नाहीतर दुसरी बघा, बाजारात या गाड्या भरपूर आहेत.