ईकोचं ऑइल घरीच बदलतोय : चौदा महिने, पाच वेळा

माझी २०१८ ची मारुतीची ईको व्हॅन आहे, सीएनजीवाली. पावाची लाईन टाकतो. पहाटे चारला बेकरीतून माल उचलायचा आणि मखमलाबाद रोड, गंगापूर रोड करत सातपूर-अंबडपर्यंतच्या मिसळवाल्यांकडे पोचवायचा. रोजचे ८५-९० किलोमीटर होतात, तेही दर दोन-चार मिनिटांनी गाडी बंद, गाडी चालू. रविवारी तर विचारूच नका. अख्खं नाशिक रविवारी मिसळ खातं, म्हणून शनिवारी रात्री मला झोप नसते.

सुरुवात पंक्चरमुळे झाली. गाडी जॅकवर होती, सहज खाली वाकून पाहिलं तर ऑइल फिल्टरवर स्केच पेननं लिहिलेला आकडा दिसला, ५६ हजार. तो जुन्या मेकॅनिकनं लिहिलेला. तो बिचारा गावी निघून गेला, पण फिल्टर बदलला की त्यावर किलोमीटर लिहायची त्याची सवय मला माहीत होती. गाडी तेव्हा ७१ हजारांवर होती आणि मधल्या काळात दुसऱ्या एका गॅरेजला दोन सर्व्हिसिंग झाली होती. घरी येऊन बिलं काढली. दोन्ही बिलांत फिल्टरचे पैसे लावलेले! भांडायला गेलो नाही, रोज त्याच रस्त्यानं जायचंय. पण त्या रात्री ठरवलं की एवढं काम तरी आपण शिकायचं.

गाडीची वॉरंटी कधीच संपली होती, म्हणून तो प्रश्न नव्हता. तुमची वॉरंटीत असेल तर हात लावण्याआधी तिच्या अटी वाचून घ्या.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटांखाली. सीट उचलली की ऑइल ओतायचं झाकण समोर येतं; ड्रेन बोल्ट (जुनं तेल सोडायचा) आणि फिल्टरसाठी मात्र गाडीखाली जावं लागतं. स्टेपनीच्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचं नाही, हे पहिल्यांदा सांगतो. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. मी वखारीतून जाड फळ्या कापून आणल्या, एकावर एक ठोकून दोन पायऱ्यांचे उतार केले, आणि पुढची चाकं त्यावर चढवतो. मागच्या चाकांना दगड, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, असतील तर उत्तमच.

इंजिन कोमट असावं. गार तेल चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला, चिकटून बसतं, सगळं निघत नाही. आणि लाईनवरून आल्या आल्या बोल्ट काढला तर हात भाजतो. मी फेरी संपवून, आंघोळ-जेवण उरकून मग खाली शिरतो. १७ चा रिंग पाना लावायचा. सपाट पान्यानं बोल्टाचे कोपरे मारले जातात, तो वापरू नका. शेवटचे आटे बोटांनी सोडवताना बोल्ट वर दाबून धरायचा आणि झटक्यात बाजूला घ्यायचा. धार सरळ खाली पडत नाही, आधी चांगली वीतभर पुढे उडते. पहिल्या वेळी माझी परात जिथे होती तिथे तेलाचा थेंबही पडला नाही.

पण खरी फजिती पुढे झाली. तो ५६ हजाराचा फिल्टर इतका घट्ट बसला होता की साखळीचा पाना लावून, पाय टेकवून फिरवावा लागला. निघाला एकदाचा. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावलं, हातानं आवळला, वरून तेल ओतलं, गाडी चालू केली. तीन-चार सेकंदांत खालून फर्रकन तेल! जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली होती आणि मी नवी त्यावर बसवली होती. दोन रिंगा एकावर एक बसत नाहीत, दाब आला की मधून तेल बाहेर फेकलं जातं. गाडी लगेच बंद केली म्हणून बरं, तरी लिटरभर तेल अंगणात, आई रोज रांगोळी काढते नेमक्या त्याच जागी. भुसा टाकला, निरमा टाकला, तो डाग अजून आहे. आई आता रांगोळी दोन हात बाजूला काढते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कारणही सांगते. तेव्हापासून जुना फिल्टर निघाला की आधी त्याच्या तोंडावर रिंग आहे का ते पाहतो, मग फडक्यानं इंजिनची बाजू पुसून बोट फिरवतो.

नवा फिल्टर पान्यानं आवळू नका. रबर टेकलं की तिथून हातानं पाऊण फेरा, बास. ड्रेन बोल्टही जास्त आवळायचा नाही. वायसर दर वेळी नवा, आणि मी टॉर्कच्या पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणारा) ३५ न्यूटन-मीटरवर लावतो. चेंबरचे आटे गेले तर वाचवलेले सगळे पैसे एका दुपारी जातात. आपल्याकडे ‘अजून थोडा घट्ट’ ही जी सवय आहे, ती इथे महागात पडते.

तेल तीन लिटर ओतायचं, गाडी उतारावरून खाली सपाट जागी घ्यायची, मिनिटभर चालू ठेवून बंद करायची, पाच मिनिटांनी डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची आणि मग कमी असेल तर थोडं थोडं. फळ्यांवर नाक वर असताना डिपस्टिक खोटं बोलते. मी वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबतो.

तेल कोणतं, यावर स्पेअरच्या दुकानात दर वेळी वाद. ‘आपल्याकडचं ऊन बघा, २० डब्ल्यू ५० टाका, घट्ट असतं.’ गाडीच्या पुस्तिकेत ५ डब्ल्यू ३० आहे, मी तेच टाकतो. मागचा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. बाहेर ४० अंश असो की १०, थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान जवळपास सारखंच ठेवतो, मग नाशिकच्या उन्हासाठी वेगळं जाड तेल कशाला? पुढचा आकडा गार इंजिनचा, आणि तो माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा. गार इंजिन चालू करताना झीज जास्त होते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा येतो तेव्हा पहाटे चारला पातळ तेल पटकन वर चढतं. हिवाळ्यात सुरुवातीची खडखड कमी झाली, हे मला कानांनी कळलं.

सीएनजीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. गॅस जळताना काजळी जवळपास होत नाही, म्हणून तेल सात हजारांनंतरही मधासारखं दिसतं. दुसऱ्या वेळी मला वाटलं, चांगलं तेल उगाच फेकतोय. पण रंगावर जाऊ नका. गॅसवर इंजिन तापतं, नायट्रोजनचे ऑक्साइड तेलात मिसळतात, आणि तेल दिसायला स्वच्छ राहूनही आतून जुनं होत जातं. उलट पेट्रोल-डिझेल गाडीत तेल लवकर काळं पडलं म्हणजे वाया गेलं असंही नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलंय, माझं थांबत-थांबत चालणं बघता मी साडेसात हजाराला बदलतो.

आईचा नियम : शनिवारी तेल विकत आणायचं नाही. इंजिन ऑइल त्यात येतं का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. निकाल लागला नाही, म्हणून मी सोमवारी आणतो. तसाही सोमवार हलका असतो.

आता हिशोब. गॅरेजला तेल, फिल्टर, मजुरी धरून २,३०० जायचे, घरी १,६५० लागतात. वेळेला ६५० वाचले, पाच वेळचे ३,२५०. सामानाला गेले ३,६०० : टॉर्कचा पाना २,१००, फळ्या ९००, फिल्टरचा पाना ३५०, परात २५०. म्हणजे चौदा महिन्यांनी मी साडेतीनशे रुपयांनी तोट्यात आहे, आणि सांडलेलं लिटरभर तेल यात धरलेलं नाही. घरात सुरुवातीला मी वेगळे आकडे सांगितले होते.

फायदा झाला तो दुसरीकडे. तिसऱ्या वेळेपासून दर रविवारी रात्री डिपस्टिक बघायची सवय लागली. चौथ्या वेळेआधी पातळी खाली जाताना दिसली, सीट उचलली तर जळक्या तेलाचा वास. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, टॅपेट कव्हरचं, पॅकिंग गळत होतं, थेंब गरम भागावर पडत होते. लगेच गॅरेजला बदलून घेतलं. गाडी फक्त सर्व्हिसिंगला दुसऱ्याच्या हातात देणाऱ्याला हे बऱ्याच उशिरा कळलं असतं.

जुन्या तेलाचा मात्र खरोखर वैताग आहे, आणि व्हिडिओत हे कोणी सांगत नाही. पहिले दोन कॅन जिन्याखाली पडून होते. बांधकामावरचा एक जण सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागत होता, एक काका लाकडाच्या वाळवीसाठी, तर शेजारी म्हणाले, गटारीत ओत, डास मरतील. गटार नासर्डीला मिळते, नासर्डी गोदावरीला. जुनं तेल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, ते परवाना असलेल्या पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. शेवटी अंबडच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये विचारलं. त्यांच्याकडे ड्रम भरला की तसा माणूस येऊन नेतो. माझे कॅनही त्यात ओतू देतात, पैसे देत-घेत नाहीत. जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळतो आणि तोही तिथेच देतो. तेलाचा रिकामा डबा भंगारात टाकण्याआधी सुरीनं भोक पाडतो, कारण चांगले दिसणारे डबे परत भरून विकले जातात.

कोणी करावं? ज्याच्याकडे सपाट जागा, दीड तास आणि जुनं तेल द्यायला ठिकाण आहे त्यानं. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये करू नका, सोसायटीची नोटीस येईल.

आणि ईकोचं मागचं चाक ओढतं, त्यामुळे मागे डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचं, तेल वेगळं असतं. तो बोल्ट मी एकदा खाली झोपून टॉर्च मारून नीट पाहिला. गंजलेला होता. तसाच बाहेर आलो, ते काम अजून गॅरेजलाच देतो. फक्त आता समोर उभा राहतो.